एकच अल्बम, तीन भाव: पैसे एमपीथ्रीचे द्यावेत, फ्लॅकचे की २४ बिटचे?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी.

गाणी रीतसर विकत घेऊन फाइली आपल्याच ताब्यात ठेवायच्या आहेत. यादीत शास्त्रीय गायन आहे (लांबलचक ख्याल, तंबोरा ठळक), हलगी-संबळाची काही रेकॉर्डिंग, भारुडं आणि पन्नास-साठच्या दशकातली भावगीतं.

परदेशी दुकानांत एकाच अल्बमला तीन भाव दिसतात. एमपीथ्री सगळ्यात स्वस्त, सीडी दर्जाचा फ्लॅक थोडा महाग, आणि २४ बिट ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झवाला 'हाय-रेझ' पार दीडपट ते दुप्पट. हा वरचा पैसा कशाचा? ऐकू येणाऱ्या फरकाचा, की लेबलवरच्या आकड्याचा? आणि रुपयात व्यवहार करून घेता येतील अशी दुकानं राहिलीत का?

सामान असं: लॅपटॉप, चारेक हजाराचा तारेचा हेडफोन, बैठकीत दोन बुकशेल्फ स्पीकर, गाडीत पेनड्राइव्ह. नेट मोबाइलचंच, दिवसाला दीड जीबी.

'फुकट ॲप आहे की' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

उगंच_बसलोय | सोमवार, रात्री ९:१५

यूट्यूब हाय की. कामून पैसे घालवायलात?

वेरूळचा_दगड | सोमवार, रात्री ९:१६

घ्या! तीन मिनिटांत. 😀

दुधना | सोमवार, रात्री १०:०५

आधी आकडे मांडू, मग भांडू.

सीडी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेल. गुणाकार १४११ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट), म्हणजे मिनिटाला साडेदहा एमबी. फ्लॅक ही त्याचीच घडी घातलेली चादर. उलगडली की बिट न् बिट तोच. घडी किती लहान होते ते संगीतावर आहे. एक गायक, तंबोरा, पेटी असेल तर निम्म्यावर येते. गच्च वाद्यमेळ आणि वरून ठासून मोठं केलेलं मास्टरिंग असेल तर सत्तर टक्क्यांच्या खाली सहसा जात नाही.

एमपीथ्री ३२० केबीपीएसला मिनिटाला २.४ एमबी, १२८ ला जेमतेम १. एएसी (एमपीथ्रीसारखाच आवाज दाबणारा दुसरा प्रकार) २५६ ला १.९.

तासाभराचा अल्बम धरा. ३२० एमपीथ्री १४४ एमबी. सीडी दर्जाचा फ्लॅक ३०० ते ४५०. २४/९६ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) सव्वा जीबीच्या आसपास, आणि २४/१९२ दोन जीबीच्या वर. तुमच्या दीड जीबीत २४/९६ चा एक अल्बम उतरला की दिवस संपला, १९२ वाला तर एका दिवसात बसतच नाही. उतरवताना ब्राउझरवर विसंबू नका, तुटलं तिथून पुढं सुरू करणारा डाउनलोड मॅनेजर घ्या. लाइट गेली, राउटर बंद पडला की सव्वा जीबीची झिप फाइल ९० टक्क्यांवर मरते आणि काही दुकानांत लिंकला मुदत असते.

आता कानाचं. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण बसतो. लहान पोराला २० पर्यंत ऐकू येतं, चाळिशी उलटलेल्या बहुतेकांना १५-१६ च्या वर काही नाही. ९६ आणि १९२ मध्ये जे जास्तीचं असतं ते सगळं या रेषेच्या वरचं. राहिले बिट. १६ बिटला तळाचा गोंगाट आणि सर्वात मोठा आवाज यांत ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, २४ ला कागदावर १४४.

माझं मत: ऐकायला १६/४४.१ फ्लॅक. त्याच्या वरचा पैसा वाया.

खाम_नदी | सोमवार, रात्री १०:२२

त्या ९६ डेसिबलचं तरी काय करता तेही सांगा त्यांना. रात्री सगळं बंद केलेल्या बैठकीत ३० डेसिबल गोंगाट असतो. पंखा पाचवर ठेवला की ४५-५०. मे महिन्यात लोखंडी कूलर सुरू झाला की ६०. कूलरच्या वर पुरते ९६ डेसिबल ऐकायचे तर १५६ वर वाजवावं लागेल. तिथं कानाचा पडदा राहत नाही, बिट मोजायचे कुणी?

फ्लॅकभक्त_परभणी | सोमवार, रात्री ११:४०

दुधनाभाऊ, आकडे बरोबर, निकाल घाईचा.

२४ बिटवाली आवृत्ती पुष्कळदा वेगळ्या मास्टरवरून (विक्रीसाठी तयार केलेल्या मूळ प्रतीवरून) आलेली असते. मूळ टेप नव्यानं वाजवून केलेली, कमी दाबलेली. त्याच अल्बमची दुकानातली १६ बिट फाइल मात्र २००० नंतरच्या 'रिमास्टर'ची, जिच्यात हळू आणि मोठा आवाज एकाच पातळीवर आणून ठेवलेला. डायनॅमिक रेंज (हळू-मोठ्या आवाजातलं अंतर, थोडक्यात डीआर) मोजली तर एकीचा डीआर १२-१३, दुसरीचा ६-७. ख्यालात हे लगेच कळतं. विलंबितात आवाज कानाजवळ आणि द्रुतात तान घेतली तरी तेवढाच. हा फरक चारशे रुपयांच्या हेडफोनवरसुद्धा ऐकू येतो. म्हणून काही वेळा हाय-रेझचे पैसे द्यावेच लागतात.

दुधना | मंगळवार, सकाळी ७:५०

@फ्लॅकभक्त, हे मान्य. पण मग पैसे मास्टरचे झाले, बिटचे नाहीत. त्याच २४/९६ फाइलवरून डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक गोंगाट) लावून १६/४४.१ बनवली तर तो मोकळेपणा तसाच्या तसा राहतो. करून बघायला सॉक्स किंवा फूबार२००० हे सॉफ्टवेअर पुरे.

आणि हे आधी ओळखायचं कसं? दुकानातल्या नमुन्याच्या तीस सेकंदांवरून डीआर नीट निघत नाही. अल्बमच्या पानावर मास्टरिंग कुणी केलं, कोणत्या साली केलं, मूळ टेपवरून का, एवढं लिहिलेलं असेल तर विचार करा. नुसतं 'स्टुडिओ क्वालिटी' लिहिलं असेल तर पुढं सरका.

भावगीतांबद्दल वेगळं सांगतो. त्यातली जुनी गाणी ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर निघाली, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्यात ८-१० किलोहर्ट्झच्या वर जवळपास नुसती सुईची खरखर असते. त्याची २४/१९२ आवृत्ती म्हणजे खरखर जास्त बारकाईनं मोजलेली. मूळ टेप शिल्लक असेल तर गोष्ट निराळी.

कॅसेटवाला_काका | मंगळवार, सकाळी ८:३०

आणि ही गाणी आपल्या भागात ज्यांनी ऐकली त्यांनी मीडियम वेव्हवर ऐकली. दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर, म्हणजे आवाज साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास कापलेला. तरी पाठ आहेत सगळ्यांना.

हलगी_घुमली | मंगळवार, दुपारी १:१०

सगळे वरच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायलेत. हलगी-संबळाला खरा मार बसतो तो वेळेत.

एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून काम करतं. मोठा तुकडा ५७६ नमुन्यांचा, म्हणजे १३ मिलिसेकंद, आणि खिडकी त्याच्या दुप्पट. हलगीवर टिपरू पडतं ते एक-दोन मिलिसेकंदांत. दाबताना होणारी चूक सगळ्या तुकड्यावर पसरते, त्यामुळं ठोका पडायच्या आधीच एक बारीक 'फस्स' ऐकू येतं. याला प्री-एको म्हणतात. नंतरचा गोंगाट ठोक्याच्या आवाजात लपतो, आधीचा लपायला जागाच नसते. यावर इलाज म्हणून एनकोडर (फाइल दाबणारं सॉफ्टवेअर) १९२ नमुन्यांच्या छोट्या तुकड्यांवर उतरतो, पण त्याला बिट जास्त लागतात. १२८ ला ते नसतात. ३२० ला बहुतेक वेळा निभावतं, तरी एकट्या हलगीच्या घाईत कान तयार असेल तर पकडता येतं. टाळ, झांज, चिपळ्यांचंही तसंच.

एएसीमध्ये छोटा तुकडा १२८ नमुन्यांचा, म्हणजे तीन मिलिसेकंदांच्या आतला, आणि तुकड्याच्या आत गोंगाटाला आकार द्यायची सोय वेगळी. म्हणून २५६ एएसी हलगीला ३२० एमपीथ्रीपेक्षा स्वच्छ वाजू शकतं. नुसता आकडा बघून ३२० मोठं असं धरू नका.

तंबोऱ्याचं दुखणं दुसरं. जवारीमुळं (घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकारामुळं) वरचे स्वरांश सतत हलत असतात. १२८ ला तेच पहिल्यांदा कापले जातात आणि उरलेला आवाज पाणचट, लहरता होतो. गायकाकडं लक्ष असलं की कळत नाही, आलापाच्या मधल्या शांततेत कळतं.

वेरूळचा_दगड | मंगळवार, दुपारी १:२५

वाचनखूण साठवली आहे.

उगंच_बसलोय | मंगळवार, दुपारी १:४०

एवढं वाचून हलगी ऐकायचीच भीती वाटायली.

बालाघाट | मंगळवार, रात्री ९:००

मांजराकाठ, लोकांच्या कानावर जाऊ नका, स्वतःच्या कानाची परीक्षा घ्या. फुकट होते.

एक फ्लॅक घ्या. त्यातूनच लेम या एमपीथ्री एनकोडरनं ३२० एमपीथ्री बनवा. दोन दुकानांतल्या दोन फाइली लावू नका, मास्टर वेगळं असलं तर परीक्षा तिथंच बाद. फूबार२००० मध्ये एबीएक्स कंपॅरेटर नावाचं जोडणं मिळतं (कोणती फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारं) ते टाका. दोन्ही फाइली निवडा, रिप्लेगेनचा (दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणायचा) पर्याय चालू ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण अर्धा-एक डेसिबल मोठी असलेली फाइल सगळ्यांनाच 'चांगली' वाटते. आता दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा धरा: तंबोरा एकटा, हलगीची सुटी घाई, किंवा नुसता टाळ. १६ फेऱ्या ठरवून बसा आणि मध्ये निकाल झाकून ठेवा.

१६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर नशिबानं येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तुम्हाला फरक कळतो. ८-९ आले तर नाणं उडवलं काय नि ऐकलं काय.

ब्लूटूथवर ही परीक्षा घेऊ नका. तिथं आवाज पुन्हा दाबला जातो. एसबीसी ही साधी पद्धत चांगल्यात चांगलं ३२८ केबीपीएसच्या आसपास, एलडॅक ९९० पर्यंत, तेही सिग्नल नीट असेल तर. फ्लॅक विकत घेऊन पंधराशेच्या ब्लूटूथ स्पीकरवर लावणाऱ्यांनी एमपीथ्रीच घ्यावं.

विंडोजमध्ये साउंड सेटिंगमधला डीफॉल्ट फॉरमॅट बघून घ्या. बरेचदा ४८ किलोहर्ट्झ असतो आणि सगळं रूपांतर होऊन वाजतं. तो ४४.१ करा नाहीतर वासापी एक्सक्लुझिव्हनं (विंडोजचं रूपांतर टाळणाऱ्या मार्गानं) वाजवा.

फ्लॅकभक्त_परभणी | मंगळवार, रात्री ९:३५

एबीएक्समध्ये दडपणाखाली ऐकणं आणि निवांत तासभर ऐकणं यात फरक आहे. थकवा मोजत नाही ती परीक्षा.

बालाघाट | मंगळवार, रात्री ९:४१

निवांत तासभर ऐकून मग उत्तर दाबा की. वेळेचं बंधन कुणी घातलंय त्यात?

अंबाजोगाईकर | बुधवार, सकाळी ११:२०

घेण्याआधीची नाही, घेतल्यावरची तपासणी लिहिते. पैसे देऊन बनावट फाइल गळ्यात पडली तर पहिल्याच दिवशी कळायला हवं, परतावा मागायला मुदत असते.

स्पेक नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की वेळेनुसार फ्रिक्वेन्सीचा नकाशा येतो. १२८ एमपीथ्री १६-१७ किलोहर्ट्झला सरळ रेघेत कापलेलं दिसतं, १९२ साधारण १९ ला, ३२० साधारण २० ला. फ्लॅक म्हणून घेतलेली फाइल १६ ला कापलेली असेल तर कुणीतरी एमपीथ्री फुगवून विकलंय. यूट्यूबवरून '३२० करून देणाऱ्या' साइटींचं असंच: आत असतो १२८ चा एएसी किंवा दीडशेच्या आसपासचा ओपस, बाहेर फाइल फुगून अडीचपट.

पण नुसत्या कापावर निकाल देऊ नका. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच १०-१२ च्या वर काही नसतं. तिथं आवाज वर जाता जाता हळूहळू विरतो. एनकोडरचा काप पट्टीनं मारल्यासारखा सरळ असतो. आणि नव्वदच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये कधी १५.६ किलोहर्ट्झला एक बारीक आडवी रेघ दिसते. ती स्टुडिओतल्या जुन्या काचेच्या टीव्हीची शीळ. फाइल बनावट नाही, उलट ती रेघ शाबूत असेल तर बरंच लक्षण समजा.

हाय-रेझची बनवाबनवी दोन प्रकारची. २४/९६ फाइलमध्ये २२ किलोहर्ट्झच्या वर संपूर्ण काळं असेल तर ती बहुधा सीडीवरून ताणलेली. दुसरी, १६ बिटच्या खाली आठ शून्यं जोडून २४ केलेली. ही फ्लॅकमध्ये आपोआप उघडी पडते. फ्लॅक ती रिकामी बिटं साठवतच नाही, म्हणून २४/४४.१ ची फाइल १६/४४.१ एवढीच भरली की समजायचं काय ते.

मांजराकाठ | बुधवार, दुपारी ३:०५

ताई, हे सोन्यासारखं. शून्यांची युक्ती माहीतच नव्हती. आता कुणीतरी दुकानांचं आणि भावाचं बोला.

पेनगंगा | बुधवार, रात्री ८:१५

भावाची गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागेल.

ॲपलनं २००३ साली अमेरिकेत दुकान उघडलं तेव्हा गाणं ९९ सेंटला, तेही १२८ एएसी आणि वर कुलूप (फाइल हवी तिथं वाजू न देणारं). २००७ मध्ये ईएमआय या कंपनीची गाणी बिनकुलपाची आणि २५६ केबीपीएसची झाली, भाव १.२९ डॉलर. म्हणजे 'दर्जा वाढला म्हणून भाव वाढला' ही रीत तिथली. दोन वर्षांनी सगळीच गाणी बिनकुलपाची झाली आणि भाव ६९, ९९ सेंट आणि १.२९ डॉलर असे गाण्याच्या खपावर लागू झाले. तिथंच कळलं की दर्जाचा खर्चाशी संबंध नव्हता. मोठी फाइल पाठवायला दुकानाला जे जास्त लागतं ते पैशांत मोजण्याएवढं. जास्त द्यायची तयारी असलेलं गिऱ्हाईक हुडकायची ती पद्धत आहे. हाय-रेझचा भावही त्यातलाच.

आपल्याकडं फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावानं एमपीथ्री विकायला सुरुवात केली, बिनकुलपाची. जून २०१३ मध्ये गुंडाळलं. कारण त्यांनीच दिलं होतं, चोरीच्या गाण्यांचा सुळसुळाट आणि छोटी रक्कम ऑनलाइन देण्याची सोय नसणं. दहा रुपयांच्या गाण्याला कार्ड, पासवर्ड, ओटीपी कोण करत बसणार? यूपीआय आलं २०१६ ला. त्याच वर्षी जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावात झाला आणि लोक विकत घ्यायचं सोडून ऐकवणाऱ्या ॲपवर गेले. सोय आली तेव्हा दुकान नव्हतं.

ॲपलचं आयट्यून्स दुकान डिसेंबर २०१२ मध्ये इथं आलं, तेव्हा बरीच गाणी १२ आणि १५ रुपयांना होती. विंडोजवरच्या आयट्यून्समधून यूपीआयनं घेता येतं. फाइल २५६ एएसी, कुलूप नाही, कुठंही वाजते. लॉसलेस (फ्लॅकसारखं, काही न गाळता साठवलेलं) मात्र तिथं विकतच नाहीत. ॲपल म्युझिकच्या वर्गणीत लॉसलेस २०२१ पासून जादा पैसे न घेता आहे, पण ते भाड्यानं. मालकीचं घ्यायला गेलात तर कमी दर्जा, भाड्यानं घेतलं तर पूर्ण! काय न्याय आहे.

खाम_नदी | बुधवार, रात्री ८:५०

भाड्याचं म्हणाल तर ॲपमधलं 'डाउनलोड' हे डाउनलोडच नव्हे. कुलूपबंद फाइल, दुसऱ्या प्लेअरवर चालत नाही, स्पॉटिफायला तर ३० दिवसांत एकदा तरी नेटवर यावं लागतं. वर्गणी संपली की संपलं. २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून करार न जमल्यानं निघाली होती, तेव्हा पैसे भरणाऱ्यांच्याही याद्या रिकाम्या झाल्या.

बालाघाट | बुधवार, रात्री ९:३०

मांजराकाठ, फ्लॅकसाठी बँडकॅम्प बघा. एकच भाव आणि फॉरमॅट तुम्ही निवडायचा: एमपीथ्री, फ्लॅक, वाव (न दाबलेली फाइल), एएसी, अॅलॅक (ॲपलचा लॉसलेस प्रकार) सगळं. म्हणजे तुमचा मूळ प्रश्नच तिथं निकालात निघतो. कलाकार कमीत कमी भाव ठरवतो, वर द्यायचे तर द्या. डिजिटल विक्रीतले १५ टक्के साइट घेते. घेतलेलं खात्यात राहतं, पुन्हा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये उतरवता येतं.

अडचण पैसे देताना येते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' चालू करा, २०२० पासून नव्या कार्डांवर तो बंदच मिळतो. मर्यादा हजार-पंधराशेवर ठेवा, काम झालं की बंद. डॉलरच्या भावावर बँक साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ६०० रुपयांच्या अल्बमला साडेतीन टक्क्यांनं २१ रुपये, त्यावर पावणेचार. एकूण ६२५ धरा. पाच छोटे अल्बम पाच वेळा घेण्याऐवजी एकदम कार्टमध्ये टाका. काही बँका टक्केवारीऐवजी किमान रक्कम लावतात.

सीडीही विसरू नका. जुन्या शास्त्रीय सीडी कधी डाउनलोडपेक्षा स्वस्त पडतात आणि त्या नव्वदच्या दशकातल्या न दाबलेल्या मास्टरच्या असतात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरनं सिक्युअर मोडमध्ये काढा, ड्राइव्हचा ऑफसेट लावा, ॲक्युरेटरिपशी (इतरांनी काढलेल्या प्रतींच्या यादीशी) जुळतं का बघा. आपल्याकडच्या कमी खपाच्या सीडी त्या यादीत सापडत नाहीत. मग दोनदा काढून सीआरसी (पडताळणीचा) आकडा जुळवायचा.

फ्लॅकभक्त_परभणी | बुधवार, रात्री ९:४४

सीडीला +१. यावर आपलं एकमत झालं, तारीख लिहून ठेवा.

नांदेडचा_डीजे | गुरुवार, दुपारी १२:३०

आमच्या धंद्याची बाजू. मोठ्या सिस्टीमवर १२८ उघडं पडतं, झांज आणि टाळ्या किसल्यासारख्या येतात. त्यात टेम्पो बदलून की-लॉक (स्वर न बदलू देणारं) लावलं की दाबलेल्या फाइलची खोड दुप्पट दिसते. ३२० च्या खाली घेऊच नका. वाव घेतली तर तिच्यात नाव-कव्हर नीट बसत नाही, एआयएफएफ घ्या, दर्जा तोच.

उगंच_बसलोय | गुरुवार, दुपारी १२:३४

दहाच्या आत बंद करा म्हंजे झालं, दर्जाचं आम्ही बघून घेऊ.

नांदेडचा_डीजे | गुरुवार, दुपारी १२:३६

कायद्यानं दहालाच बंद असतंय भाऊ. नवरदेवाच्या मामाला सांगा. 😀

कॅसेटवाला_काका | गुरुवार, सायंकाळी ६:१०

भारुडं आणि भजनी मंडळांची रेकॉर्डिंग कुठल्याच दुकानात फारशी मिळणार नाहीत, ती कॅसेटवरच आहेत. तेव्हा थोडं अवांतर.

वाजवण्याआधी कॅसेट उघडून बघा. आपल्या उन्हाळ्यात आतल्या प्रेशर पॅडचा गोंद सुटतो. पॅड नसेल तर आवाज येतो-जातो. पॅड दुसऱ्या कॅसेटचा लावा किंवा टेप पाच स्क्रूच्या खोक्यात बदला. हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. मग अ‍ॅझिमथ (हेडचा टेपशी कोन): हेडशेजारचा छोटा स्क्रू, आवाज मोनो करून अगदी थोडा-थोडा फिरवायचा, टाळ जिथं सर्वात चरचरीत ऐकू येतो तिथं थांबायचं. प्रत्येक कॅसेटला वेगळं येतं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग इक्वलायझरनं वरचा आवाज ओढत बसतात, तो मिळत नाही, नुसता हिस (टेपची सळसळ) वाढतो. डॉल्बी (हिस कमी करायची सोय) बंद ठेवा, अशा कॅसेटी त्यात भरलेल्याच नसतात.

लाइन-आउटमधून लाइन-इनला जोडा, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, तिथं फाटतं. भरताना २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, सर्वात मोठा आवाज -१२ ते -६ च्या मध्ये. इथं २४ बिटचा उपयोग आहे बरं का: पातळी खाली ठेवून भरता येतं आणि मध्येच कुणी 'पुंडलिक वरदे' केलं तरी फाटत नाही. हिस कमी करताना ६ डेसिबलवर थांबा.

दुधना | गुरुवार, सायंकाळी ६:४०

काका, सगळंच पटलं. भरताना २४, ऐकताना १६.

पेनगंगा | गुरुवार, रात्री ८:०५

कॅसेट भरून 'विकायचा' किंवा वाटायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर हक्काचं बघा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ साली निघालेली तबकडी २०२४ च्या अखेरीस मोकळी. पण गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संतांच्या अभंगाचे शब्द मोकळे असले तरी चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देतात, ते सरळ कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये बसतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड.

हलगी_घुमली | गुरुवार, रात्री ८:३०

हलगी-संबळासाठी एक रस्ता आहे. वाजवणारी पथकं आणि शाहीर मंडळी थेट विकतात, यूपीआयनं पैसे आणि ड्राइव्हची लिंक. मागताना स्टुडिओनं दिलेली वाव फाइल मागा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, दोन जीबीपर्यंत जाते आणि जशीच्या तशी येते. व्हिडिओ म्हणून पाठवली की आवाज चेपला. अल्बमच्या भावात घासाघीस करू नका, तिथं मध्ये दुकानच नाही.

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवलंय: ख्यालासाठी आधी सीडी हुडकायच्या, नाही मिळाल्या तर १६/४४.१ फ्लॅक. भावगीतं आयट्यून्सवरून एएसी, लाखेच्या तबकडीला तेवढं भरपूर. हलगी थेट पथकाकडून वाव. २४ बिट फक्त मास्टरची नीट माहिती लिहिली असेल तिथंच.

राहिली गाडी. स्टिरिओ फ्लॅक घेत नाही, गाणी उलटसुलट क्रमानं वाजतात आणि देवनागरी नावांच्या जागी चौकटी दिसतात.

अंबाजोगाईकर | शुक्रवार, रात्री १०:०२

गाडीसाठी वेगळीच प्रत करा, मूळ फ्लॅकला हात लावू नका. फूबारमधून २५६ एएसी किंवा लेमच्या व्ही० (बदलत्या बिटरेटच्या सर्वात वरच्या) पातळीचं एमपीथ्री, दोन्ही चालत असतील तर एएसी. टायरच्या आवाजात पुढचा फरक राहत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट. बरेच स्टिरिओ नावानं लावत नाहीत, ज्या क्रमानं कॉपी झालं त्या क्रमानं वाजवतात. म्हणून ०१, ०२ अशी नावं देऊन एकेक फोल्डर क्रमानं कॉपी करा, किंवा फॅटचा क्रम लावणारं छोटं साधन वापरा.

चौकटी दिसतात कारण स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही, टॅग चुकलेला नसतो. एमपीथ्रीटॅगमध्ये गाडीच्या प्रतीपुरती नावं रोमन करून आयडी३ २.३ या टॅगच्या प्रकारात साठवा. कव्हर ५०० बाय ५०० चं साधं जेपेग, प्रोग्रेसिव्ह नको. मोठ्या चित्रावर काही स्टिरिओ गाणं सुरू व्हायच्या आधी अडकतात.

फ्लॅकभक्त_परभणी | शुक्रवार, रात्री १०:१५

ख्यालाची सीडी मिळाली की डीआर किती निघतो तेवढा इथं टाका. दुधनाभाऊंचं नि माझं एक भांडण अजून बाकी हाय.

उगंच_बसलोय | शुक्रवार, रात्री १०:१७

तेवढ्यात यूट्यूबवर ऐकून झालं माझं.